‘कै.’ राहून गेलं

माझ्या सासऱ्यांना मी मारलं, तेव्हा ते पिंपळगावच्या पॅकहाउसच्या दारात बसून बशीतून चहा पीत होते. हत्यार होतं ब्लॉकचेन.

झालं असं, की सातपूरच्या आमच्या कारखान्यात एक व्याख्याता आला. औषधं, दूध, हिरे, सातबारा, जहाजावरचे कंटेनर... सगळ्यांवर त्याच्याकडे हे एकच चूर्ण : नोंदींची डिजिटल साखळी! "एकदा केलेली नोंद ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही," असं तो म्हणाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. (नोंद मुळातच चुकली तर काय, हे कुणीच विचारलं नाही. मी पहिल्या रांगेत होतो आणि क्वालिटी विभागात आहे!)

मी तडक आण्णांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे गेलो.

"आण्णा, द्राक्षांच्या प्रत्येक पेटीवर कोड लावू. मोबाइल धरला की बागेची कुंडली समोर!"

"गिऱ्हाईक मणी तोंडात टाकून बघतंच की."

"विश्वास, आण्णा, विश्वास!"

"मग इतकी वर्षं काय चोरीचा माल विकला का मी?"

तरी ते हो म्हणाले. जावयाला नाही म्हणायची त्यांच्याकडे रीत नाही. (हेच मला अजून टोचतं.)

फॉर्म मी भरला. बागेला आण्णांच्या वडिलांचं नाव आहे : 'कै. रंगनाथराव द्राक्षबाग'. बागेच्या रकान्यात ते टाकलं, तेच उचलून शेतकऱ्याच्या रकान्यात चिकटवलं, 'द्राक्षबाग' काढलं आणि 'रंगनाथराव'च्या जागी आण्णांचं 'केशवराव' केलं.

'कै.' तसंच राहिलं!

पेट्या टेम्पोत चढवायच्या वेळी व्यापाऱ्याच्या माणसानं कोड तपासला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"अरेरे! केशवराव गेले?"

"कोण गेलं?" बशी खाली ठेवत केशवरावांनी विचारलं.

माणूस वरमला, पण पेट्या उचलेना. "मयताच्या नावाचा माल आमचं ऑफिस घेत नाय. वारसाची सही लागंल."

"अरे, मी हाय ना हितं!"

"तुम्ही हाय हो आण्णा, पण शिष्टिममधी नाय!"

ऊन चढत होतं. तासाभरात माल हलला नसता तर मणी मऊ पडले असते आणि वर्षाची मेहनत वाया! मी घाईघाईनं कोडवाल्या कंपनीला फोन लावला.

"खोडता येत नाही सर, तीच तर खासियत आहे!" पलीकडची बाई अभिमानानं म्हणाली. "खाली नवी नोंद जोडा."

जोडली. आता वर 'कै. केशवराव' आणि खाली 'श्री. केशवराव'. म्हणजे माणूस वर गेला, तिथं करमलं नाही म्हणून परत येऊन द्राक्षं विकायला बसला!

तेवढ्यात गंगापूर रोडवरच्या आमच्या घरून बायकोचा फोन. "अहो, मावशी रडतेय! बाबांना काय झालं?" कुणीतरी त्या नोंदीचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली श्रद्धांजल्यांची रांग. (तिथं मात्र खात्री करायला कुणाला साखळीबिखळी लागली नाही!)

दोन नोंदी बघून माणूस आणखीच अडला, तेव्हा शेवटी आण्णांनीच व्यापाऱ्याला फोन केला. "शेठ, केशव बोलतोय. वरून नाय, पिंपळगावातून! माल उचलायला सांगा." पलीकडून हसणं ऐकू आलं. पाच मिनिटांत टेम्पो हलला. जगातल्या सगळ्या धंद्यांचा उद्धार करायला निघालेल्या त्या यंत्राला जे जमलं नाही, ते एका ओळखीच्या आवाजानं केलं.

मी आण्णांचे पाय धरले. "जाऊ द्या, जावईबापू," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून दर हंगामात आमच्या घरी द्राक्षांची एक पेटी येते. कोड नसतो. वर आण्णांच्या अक्षरात बॉलपेननं लिहिलेलं असतं : 'कै. जावईबापू यांस'.

मी दुरुस्ती सुचवलेली नाही. इतकी बिनचूक नोंद मला स्वतःला आजवर करता आलेली नाही!