तीन वेळा तासलेलं दार

आमच्या धाकट्या भावाला मिलिमीटरचं वेड. आमच्या इमारतीला खेटून पाच मजले खोल खड्डा खणतायत. त्याच्या भिंती आणि आजूबाजूची घरं खचतायत का, हे मोजणं त्याचं काम. रोज सकाळी तिपाईवर दुर्बीण लावायची, भिंतींवरच्या खुणा बघायच्या, वहीत आकडा लिहायचा. पंधरा वर्षं हेच, फक्त खड्डे बदलतात. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हा बायकोकडे नाही, मागच्या वाकड्या खांबाकडे बघतोय.

आणि अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीचं दार लागेना.

"वरचा कोपरा अडकतोय रे," मी म्हटलं.

"लाकूड फुगलंय, ताई." रंधा आणला, तासून गेला. महिन्याभरात पुन्हा तेच, पुन्हा रंधा. तिसऱ्यांदा मी भडकलेच.

"अरे, घर खचतंय!"

"वहीत शून्य आहे. शून्य म्हणजे शून्य."

वहीतलं तेवढं ब्रह्मवाक्य, आणि इथं राहणारी मी मूर्ख!

काल चौथ्यांदा दार अडकलं. रंधा टेकवण्याआधी त्याने काय वाटून कोण जाणे, दाराच्या दोन्ही कडा मोजल्या. कडीकडची बाजू अकरा मिलिमीटर आखूड. तेवढं त्यानेच तासलं होतं. लाकूड एवढं फुगत नाही; त्याने रंधा बाजूला ठेवला.

"सगळं ज्या खुणेवरून मोजायचं, ती लांब, न हलणाऱ्या जागी हवी," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं खड्ड्याच्या कामावरच्या साहेबांना. म्हणाले, रस्त्यापलीकडची परवानगी कोण आणणार, इथंच कुठंतरी मार. मी मारली. तुमच्याच जोत्यावर."

म्हणजे घर खचत होतं, आणि हा त्याच घरावरून घर मोजत होता. खूणही घराबरोबर खाली, मग शून्य नाही तर काय येणार? मला साहेबांचा राग आला, पण त्याहून जास्त ह्याचा. एरवी केसाएवढ्या फरकासाठी जगाशी भांडतो, आणि तिथं मूग गिळून बसला.

त्याने साहेबांना फोन लावला. "काम थांबवा." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. "वहीचं मला सांगू नका," हा ओरडला, "ती मीच लिहिलीय!"

मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, लागेल तेवढं सामान घे." आणि वरच्या मजल्यांवर एकेक दार ठोठावत सुटला.

कुलूप घेऊन मी दार ओढलं. लागलंच नाही. घर तसंच उघडं टाकून मी जिना उतरले.