उन्हाशी वैर धरलेला साडू

उन्हाशी उभं वैर धरलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच, आणि तो माझा साडू आहे. आमच्याकडं ऊन म्हणजे घरातलंच माणूस, त्याच्याशी भांडून करायचं काय? पण हा भांडतो. डोक्यावर टोपी, टोपीवर दुपट्टा, दुपट्ट्यावर छत्री आणि ह्या साऱ्याखाली तोंडाला पांढरं मलम, असा तो अकोटच्या बाजारातून निघाला की नवखा माणूस बाजूला होऊन वाट देतो. तिथंच त्याचं बांगड्या-कुंकवाचं, पावडर-क्रीमचं दुकान आहे. मी सातवी नापास. पण उन्हाच्या मलमाबद्दल जे काही मला ठाऊक आहे ते त्यानं माझ्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकून बसवलेलं आहे. ट्यूबवरचा नंबर पाहून घ्यायचं, तारीख उलटलेलं घ्यायचं नाही, घाम आला की पुन्हा लावायचं, नाही आला तरी दोन तासांनी लावायचं.

तरी नुसत्या नंबरावर त्याचा विश्वास नव्हता. एका वैशाखात त्यानं एका गालाला एक मलम लावलं, दुसऱ्याला दुसरं, आणि बारापासून तीनपर्यंत एसटी स्टँडसमोर उघड्यावर स्टूल टाकून बसला. हरलेलं मलम त्याच्या डाव्या गालावर दीड महिना दिसत होतं. त्यातच भाचीचं लग्न आलं. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो एका अंगानं उभा आहे, जणू शेजारच्याशी अबोला धरलाय. पोरी गोरं व्हायची क्रीम मागायला आल्या की म्हणे, "गोरं होऊन काय करतं माय? आहे ते कातडं आधी सांभाळ." आणि पन्नास नंबरची ट्यूब पुढं सरकवी. पोरी पिना घेऊन निघून जात.

ती सालंही वाईट होती. कपाशी घराघरात पडून, भाव नाही, माणसं बोलायची बंद झालेली. फिरायला म्हणून कोणी घर सोडत नव्हतं, निघालं तर मयतीला. अशा दिवसांत ह्यानं माझ्या बायकोला सेमाडोहला फिरायला न्यायचं काढलं.

तिला ऊन वर्ज्य होतं. दुखणंच असं, की ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे, सांधे धरायचे, ताप भरायचा. दोन वर्षं ती खिडकीपाशी बसून अंगण पाहत होती. तिचे वडील सेमाडोहच्या जंगलातून सागवानाच्या बैलगाड्या आणत, आणि लहानपणी ती त्यांच्याबरोबर जाऊन सिपना नदीत खेळलेली. एकदा सिपना पाहू द्या, एवढंच तिचं म्हणणं. मी नाहीच म्हणत होतो. साडू अमरावतीच्या डॉक्टरला स्वतः विचारून आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी बाईले पाहा. ऊन मी पायतो."

फाल्गुनात जीप ठरवली. निघायच्या आधी त्यानं दोन बोटं भरून मलम काढून दिलं. लावलं तिच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे ह्याच्याच बायकोनं, हुकूम मात्र ह्याचे. कानामागं, मानेला, हातांना, पायांच्या बोटांनासुद्धा. मग घड्याळ धरून आम्हाला अर्धा तास ओसरीत बसवून ठेवलं, मलम मुरायला.

परतवाड्याला तो संत्री आणायला उतरला. जीप तापलेली, हिला घाम आला. उन्हात निघालं की ओला दुपट्टा बांधायचा, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी नळावर दुपट्टा भिजवला, तिचं तोंड चांगलं खसखसून पुसलं आणि डोक्या-गालावरून बांधून दिला. मोठं काम केल्यासारखं वाटलं. साडू आला, त्यानं दुपट्ट्यावरचा पांढरा थर पाहिला. शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी बाईचं छप्परच उतरवलं."

मी म्हटलं, परत चला. त्यावर तीच बोलली, "परत न्याचं असन तर मले इथंच उतरून द्या. अर्ध्यातून मी काई जात नाई." मग साडूनं तिला कडुलिंबाखाली बसवलं, मला कोरड्या कापडानं पुसायला लावलं, सारं पहिल्यापासून लावायला लावलं आणि पुन्हा घड्याळ धरून उभा राहिला. ड्रायव्हर कुरकुरला तर त्यालाही दोन बोटं मलम दिलं.

सिपनेवर त्यानं आम्हाला ऊन कलल्यावरच नेलं. ती पाण्यात पाय सोडून दगडावर बसली. हा छत्री धरून उभा. ऊन सरकेल तसा सरकत गेला, सरकत गेला, आणि शेवटी गुडघाभर नदीत उभा. एक चप्पल वाहून चालली, तरी छत्री हलली नाही. ती हसली. दोन वर्षांनी मी तिचं तसं हसणं ऐकलं.

चप्पल पकडायला तो शेवटी चार पावलं गेलाच, छत्री माझ्या हातात देऊन. तेवढ्यात तिनं पदरानं नाक पुसलं, चांगलं दाबून, आणि मला म्हणाली, "जराशी बाजूले घ्या छत्री." मी घेतली. तिनं डोळे मिटून तोंड वर केलं. साडू वळेपर्यंत तशीच बसली. मग म्हणाली, "जवाईबुवाले सांगू नका. त्याईच्या जिवाले लागन."

संध्याकाळी नाकाचा शेंडा लाल दिसला. साडू जेवला नाही. चट्टा आठ दिवसांत गेला, ताप आला नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली ती किडन्यांनी, नाकाचा त्यात काही संबंध नाही, डॉक्टरनं तसं त्याला समोर बसवून सांगितलं. तरी भेटला की हा म्हणतो, "भाऊ, सारं झाकलं, नाक तेवढं माझ्यानं राहून गेलं."

तो पेपरात हवामानाखेरीज काही वाचत नाही, म्हणून हे इथं लिहितो. त्याच्या तोंडावर सांगायला जातो, आणि तिचं मिटल्या डोळ्यांचं तोंड पुढं येतं. मग मी म्हणतो, "राहून गेलं असन, बुवा. चहा घ्या."