दिवेविझवणी

संध्याकाळी कंटेनर यार्डाचे दिवे लागले की जाधव बाई अंगणात येऊन त्यांना रागवायच्या. हो, दिव्यांना. यार्डाच्या भिंतीपलीकडे ओळीने उंच खांबांवर एकेक मोठा दिवा आहे, आणि बाईंनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे रागवण्याची पद्धत वर्गातलीच. "पहिला, ठीक. दुसरा, ठीक. ए तिसऱ्या, तुला किती वेळा सांगितलं, खाली बघ म्हणून? निर्लज्ज!" मी लग्न होऊन उरणजवळच्या या गावात आले, त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि आपली शेजारीण वेडी आहे असं ठरवून टाकलं.

वेडी कसली! तो तिसरा मेला खरोखरच खाली बघत नव्हता. बाकीचे दिवे आपापला यार्ड उजळायचे, हा भिंतीवरून थेट आमच्या दोन घरांत घुसायचा. माझं माहेर हरिहरेश्वराकडचं. तिकडे रात्र म्हणजे रात्र असते, समोरून येणारा माणूस खाकरल्याशिवाय कळत नाही. इथे भर रात्री अंगणात बसून तांदूळ निवडता आले असते. सासूबाई म्हणायच्या, सवय होईल. कुणाला सवय झाली ते मला अजून सापडलेलं नाही.

बाईंचं दुखणं एका कुंडीत होतं. त्यांच्या मिस्टरांनी अलिबागच्या नर्सरीतून एक ऑर्किड आणलं होतं, कॅटलिया नावाचं. कोळशाचे तुकडे आणि नारळाची सोडणं भरलेल्या कुंडीत ते छान रुजलं. मिस्टर गेले, पण झाड दर हिवाळ्यात जांभळी फुलं देत राहिलं, आणि त्यातलं पहिलं फूल बुद्धमूर्तीपुढे जायचं. मग यार्ड आला आणि फुलं थांबली. पानं जाड, हिरवीगार, अगदी दृष्ट लागण्यासारखी. कळी मात्र नाही. बाईंना कारण माहीत होतं. हे झाड रात्र मोजतं, रात्री लांबल्या की कळ्या धरतं. इथे रात्रच होत नव्हती, तर ते मोजणार काय? भिंतीलगतच्या शेतातल्या भाताचंही तेच झालं. सगळ्यांचं भात पिवळं पडून कापणीला आलं तरी ते खुळ्यासारखं हिरवंच, लोंब्याच आल्या नाहीत. लोक म्हणाले, खत चुकलं.

बाई यार्डाच्या ऑफिसात गेल्या. तिथला साहेब अतिशय गोड बोलणारा होता, आणि अशा माणसांचा मला जास्त राग येतो. तोंडावर हाकलून देणारा बरा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं की उजेडाने चोऱ्या होत नाहीत, बायाबापड्या सुरक्षित राहतात, इतर गावचे लोक तर दिवे मागायला येतात. बाई म्हणाल्या, बंद करू नका, फक्त एक दिवा थोडा खाली वळवा. त्यावर तो म्हणाला, ते डिझाइन वरून ठरलेलं असतं मॅडम, आमच्या हातात काही नाही. मलाही सोबत जायचं होतं. पण माझा नवरा त्याच यार्डात ट्रेलर चालवतो. "माझी नोकरी हाय तिथं," एवढंच म्हणाला आणि मी घरात बसले. दिवसभर भांडी आपटत होते.

घरी आल्यावर बाईंनी मुलाची रिकामी खोली साफ करायला काढली. मुलगा पुण्यात असतो. खिडक्यांना काळी ताडपत्री ठोकली, दाराच्या फटीत जुन्या साडीच्या पट्ट्या कोंबल्या. छताला पांढऱ्या एलईडी ट्यूब, कोपऱ्यात लहान पंखा, खाली पाणी आणि खडे घातलेले ट्रे, आणि मध्ये ते कॅटलिया. एकट्याला करमायचं नाही म्हणून आणखी चार-पाच ऑर्किडं आली. ट्यूब टायमरवर. सकाळी लागायच्या आणि संध्याकाळी, गावात दिवेलागणी व्हायच्या वेळेला, कट् करून विझायच्या. गावाला हसायला विषयच मिळाला. म्हातारी दिवसाढवळ्या दिवे जाळते आणि तिन्हीसांजेला विझवते! "आमच्याकडे दिवेविझवणी असते," बाई ठसक्यात सांगायच्या. विझवणीनंतर कुणी ते दार उघडलं तर त्याची खैर नव्हती. एकदा वायरमनने मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलं, तर त्याला उंबऱ्यात उभं करून त्यांनी प्रकाशाचा आख्खा धडा ऐकवला.

त्याच सुमारास माझी ओवी झाली. पोर झोपायचीच नाही. पडदा लावला, चादर लावली, तरी तिसरा कुठून तरी यायचाच आणि ही त्याच्याकडे टकामका बघत रडायची. डॉक्टरने पोटात गॅस म्हणून थेंब दिले. रडणं ऐकून एका संध्याकाळी बाई आल्या, पोरीला उचललं आणि मला म्हणाल्या, "हिच्या पोटात काही नाही. हिला रात्र मिळत नाही. चल."

आम्ही त्या खोलीत जाऊन बसलो. टायमर वाजला आणि काळोख झाला, माझ्या माहेरचा काळोख. माझा हात मला दिसेना. ओलसर कोळशाचा वास, पंख्याची घरघर. ओवी थोडी कुरकुरली आणि झोपली. मी मात्र रडले, आणि ते रडणं रागाचं होतं. पोरीला काळोख हवा तर शेजारणीच्या खोलीत चोरून आणायचा? बाई काळोखातूनच म्हणाल्या, "उजेड म्हणजे ज्ञान, असं दरवर्षी फळ्यावर लिहायचे मी. पोरांनी विश्वास ठेवला आणि मोठी होऊन असले खांब उभे केले." तेव्हापासून रोज दिवेविझवणीआधी ओवीला घेऊन मी तिकडे जायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात कॅटलियाला फूल आलं. पण ते बुद्धमूर्तीपुढे गेलं नाही. बाईंनी कुंडी उचलली, रिक्षा केली आणि थेट साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली. रात्र मिळाली की काय होतं, ते त्याने डोळ्यांनी बघावं. त्याला ती भेटच वाटली! थँक यू मॅडम म्हणाला, फुलाशेजारी उभा राहून फोटो काढला, शिपायाला सांगून कुंडी एसीखाली ठेववली. बाईंनी सगळं पुन्हा समजावलं. तो हसतमुखाने मान हलवत राहिला, आणि शेवटी डिझाइनवरच आला. बाईंनी कुंडी काखोटीला मारली आणि घरी आल्या. मला म्हणाल्या, "मठ्ठ पोरगा ओरडून सुधारतो. हसऱ्याला काय करायचं, हे मला बीएडला शिकवलंच नाही." त्या दिवशी पहिल्यांदा त्या थकलेल्या दिसल्या.

पावसाळ्यात त्या गेल्या. दुपारी छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. मुलगा आला, सगळं रीतीप्रमाणे झालं. घराला कुलूप लावताना त्याने ऑर्किडांचं काय करू विचारलं, मी सगळी उचलून आणली. ताडपत्री, ट्यूब, टायमर, सगळं. आता माझ्या आतल्या खोलीत ओवी आणि कॅटलिया एकत्र झोपतात.

परवा नवरा जेवता जेवता सहज बोलला, "तो तिसरा दिवा फिरवला आज. क्रेनवाल्याच्या डोळ्यांवर येत होता म्हणून त्याने तक्रार केली."

मी घास ताटात ठेवला. विचारलं, डिझाइनचं काय झालं? वरून परवानगी आली?

"कसली परवानगी! दिवा खाली उतरवला, पाना फिरवला, परत वर चढवला. चहा निवायच्या आत झालं."

मी ताटावरून उठले आणि अंगणात गेले. बाईंच्या बंद दारावर काळोख होता. माझ्या पायरीवर, तुळशीवर, दोरीवरच्या ओवीच्या झबल्यांवर, सगळीकडे काळोख. पलीकडे तिसरा मुकाट मान घालून खाली बघत होता. मला जेवढ्या येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्याला दिल्या, बाईंच्या आणि वर माझ्या माहेरच्याही.

नवरा हात न धुताच मागे आला. "आता कशाला शिव्या देतेस? फिरवला ना?"

"फिरवता येत होता," मी म्हटलं, "म्हणूनच देतेय."