कानात नाव कुणी सांगायचं

परदेशातल्या त्या वर्षांत वेस्टमीडच्या आसपासचे फ्लॅट आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी भरून गेले होते. मी दिवसा युनिला, रात्री पेट्रोल पंपावर. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हाही मी शिफ्टवरच होतो. तिचा हात धरून बसली होती एक इराकी बाई.

ही बाई जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये अरबी बोलणाऱ्या बायकांचा गट चालवायची. हॉस्पिटलच्या तारखा, दुभाषे, पोरांच्या शाळा, नवराबायकोची भांडणं, सगळं तीच निस्तरायची. माझ्या बायकोला अरबीचा गंध नव्हता. पण गरोदर असताना क्लिनिकमध्ये एकटीच रडताना दिसली, तशी ती तिला सरळ गटात घेऊन गेली. बायको तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली. दर बुधवारी मी तिला न्यायला जायचो आणि कार पार्कमध्ये थांबायचो, कारण आत पुरुष चालत नसत. आतून बायकोचं हसणं ऐकू यायचं. घरी ती तशी हसत नसे. मला त्या हसण्याचा राग यायचा, आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

बारसं सेंटरच्या हॉलमध्येच करायचं ठरलं. माझी बहीण पुण्यात. तिने फोनवरून मुलीच्या कानात नाव सांगायचं, असं मी धरून चाललो होतो. आदल्या दिवशी बायको म्हणाली, "नाव खाला सांगेल."

"तो आत्याचा मान असतो."

"आत्या इथे आहे का?"

"मावशी झालीच आहे, आता आत्याही तीच. उद्या बापही तिलाच कर!"

ती दुपटी घडी करत राहिली. कळा आल्या त्या रात्री बाप कुठे होता, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बारशाला मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं. प्रॅमला कागदी फुलांच्या माळा बांधल्या होत्या. स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून बहीण सूचना देत होती. खालाने मुलीला उचललं आणि माझ्याकडे वळली.

"आमच्यात बाळाच्या कानात पहिले शब्द बापाने बोलायचे असतात. तुमच्यात बाप काय करतो, ब्रदर?"

"उभा राहतो."

"ते तू कार पार्कमध्ये भरपूर केलंस."

तिने ते अरबीतही सांगितलं. सगळ्या बायका खिदळल्या, आणि मुलगी माझ्या हातात आली. मी तिच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं.

"दादा, माझा मान खाल्लास!" फोनमधून बहीण ओरडली. "वहिनी, आत्याला घालतात तसे धपाटे घाल त्याच्या पाठीत!"

पहिला धपाटा बायकोनेच घातला. तो प्रथेपुरता नव्हता.

मग बाकीच्या बायकांनीही हात धुऊन घेतले. त्या गोंधळाने मुलगी दचकून रडायला लागली. मी थोपटत राहिलो, ती थांबेना. खालाने खांद्यावर घेतली आणि ती क्षणात गप्प झाली. मला कार पार्कमधला तोच राग पुन्हा आला.

"इकडे द्या," मी हात पुढे केले. "रडली तरी चालेल."