मेंदूत शिरलेली गरमी आणि माझी बॅचमेट मधुरा

हॉस्पिटलात वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. नावं बदलली की सांगताही येतात. पण माझ्याकडच्या बऱ्याच किश्श्यांत शेवटचं वाक्य मधुराचं असतं, हे माझं दुखणं!

मधुरा माझी बॅचमेट. मी मेडिसिन घेतलं, तिला स्किन-व्हीडी मिळालं. तेव्हा मला तिची खरंच दया आली होती. बिचारी! जन्मभर खाज, खरूज आणि गुप्तरोग!

पुढे दोघी नवी मुंबईत एकाच हॉस्पिटलात लागलो आणि दया संपली.

* * *

दिघ्याचा एक वेल्डर होता, राजू. एचआयव्हीची औषधं चालू. एका डोळ्याला एकदम धूसर दिसायला लागलं. एचआयव्ही म्हणजे टीबी असणार, असं धरून मी तपासण्यांची रांग लावली.

मधुरा फक्त त्याच्या तळहातावरचे डाग बघायला आली. डाग बघितले, डोळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, व्हीडीआरएल केलंस का?"

नव्हती केली ती रक्ताची टेस्ट. मग केली. सिफिलिस निघाला, म्हणजे आपली जुनी गरमी. पाठीतलं पाणी काढलं, तर ती मेंदूपर्यंत पोचलेली. चौदा दिवस, दर चार तासांनी पेनिसिलिन.

दहाव्या दिवशी राजू ओरडला, "मॅडम, क्लिअर दिसतंय!" मी धावत गेले. त्यानं मला नीट निरखलं आणि विचारलं, "तुमी मधुरा मॅडमच्या सीनियर काय?"

* * *

त्याच आठवड्यात सानपाड्याचे देशमुख काका. बँकेतून रिटायर, स्वभावानं एकदम सज्जन. वर्षभरापासून विसरायला लागले होते. मी डिमेन्शिया म्हणून आठ महिने गोळ्या देत होते. अगदी मनापासून देत होते.

काकांच्या पायावरचं पुरळ बघायला मधुराला बोलावलं. तिनं पुरळ बघितलंच नाही! त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुली उजेडाला आकसेना; पण जवळचं बोट बघायला सांगितलं की आकसायची.

"हे सिफिलिसचं असू शकतं," ती म्हणाली. एचआयव्ही नाही, काही नाही. पण रक्त पॉझिटिव्ह आणि पाठीतलं पाणीही. कधीतरी तरुणपणी झालेला आजार, इतकी वर्षं गप्प बसलेला.

माझा पेशंट, माझे आठ महिने! आणि टॉर्च? तोही तिनं माझ्याच खिशातून घेतला होता!

* * *

काका राजूच्या शेजारच्या खाटेवर आले. काकांचा मुलगा माझ्यावर चिडला. "आमचे बाबा तसले नाहीत! तुम्ही असली टेस्ट केलीच कशी?"

तो गेल्यावर राजू काकांना म्हणाला, "काका, आपलं बरं हाय. आपल्याला एचआयव्ही, म्हणून डॉक्टर लोक काय पण विचारतात, काय पण तपासतात. म्हणून लवकर सापडलं. तुमी पडलात सभ्य!"

काकांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नशीबवान आहेस."

इंजेक्शनं झाल्यावर काकांचं गेलेलं सगळं परत नाही आलं. बायकोचं नाव मात्र आलं.

* * *

मग मीही पेटले. तिशीतला एक माणूस अर्धांगवायू होऊन आला, एचआयव्ही पॉझिटिव्ह. या वेळी मी पहिल्याच दिवशी व्हीडीआरएल पाठवलं. कुणालाच सांगितलं नाही!

रिपोर्ट निगेटिव्ह. माझं तोंडच उतरलं.

संध्याकाळी लॅबमधून फोन. "मॅडम, तो पॉझिटिव्ह आहे. रक्तात अँटिबॉडी इतक्या जास्त होत्या की टेस्टच फसली. पातळ करून परत लावली, तेव्हा दिसलं."

"व्वा! तुम्हाला कसं सुचलं?"

"मधुरा मॅडमनी सांगून ठेवलंय ना, एचआयव्हीवाल्यांचं नेहमी पातळ करून पण बघायचं."

पेशंटला आता नेमकं औषध मिळणार होतं. त्याचा आनंद व्हायला मला अर्धा तास लागला. खोटं कशाला बोलू?

* * *

नावड्याचे भोईरशेठ मात्र माझे. पूर्ण माझे! मधुरा तेव्हा रजेवर होती.

साठीचे जमीनदार, अबोल माणूस. दोन महिन्यांपासून सांगत सुटलेले की नवं विमानतळ त्यांचं आहे. सिस्टरला त्यांनी दोन विमानं देऊन टाकली. घरच्यांना वाटलं, वेड लागलं. मी व्हीडीआरएल पाठवलं, पातळही करायला लावलं, पाठीतलं पाणी काढलं. एचआयव्ही निगेटिव्ह, न्यूरोसिफिलिस पॉझिटिव्ह! मी मधुराला तिच्या रजेतच फोन करून कळवलं.

आता त्यांच्या बायकोला सांगणं आलं. मी जपून, शब्द शोधत सांगितलं. आजार जुना आहे, संबंधातून लागतो, तुमचंही रक्त तपासायला हवं. काकू रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ज्यांचा ज्यांचा संबंध आला, त्या सगल्यांचा तपासाला लागल?"

"हो."

"बरा," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, बरोबर त्यांच्याच वयाची एक बाई. दोघींच्या अंगावर पोपटी साडी. तोच काठ, तीच बुट्टी. शेठनी खाटेवरून दोघींना एकत्र बघितलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"ही मंदा," काकू म्हणाल्या. "हिचा पन रगत काढा."

मंदानं हात पुढे केला. सिस्टरनं सुई घेतली. काकूंनी तो हात बाजूला सारला आणि आपली बाही वर केली.

"आधी माझा. मी मोठी हाय!"