आर्लिस ब्रेके कुठल्या बाजूला उभी राहिली

आयोवातल्या सोलबर्ग गावात आर्लिस ब्रेकेला सगळे कॉकसवाल्या बाई म्हणूनच ओळखत. पोस्टात तीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली होती. पण दर चार वर्षांनी, ऐन थंडीतल्या एका संध्याकाळी, शाळेच्या व्यायामशाळेत तिचंच राज्य असायचं. हीच कॉकस: देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, यावर गावाने आपला कौल तिथे उभं राहून द्यायचा. चिठ्ठी नाही, पेटी नाही. जो उमेदवार हवा, त्याच्या नावाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. आर्लिस डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधराही माणसं नसतील, तो मोडायचा. मग तिथल्यांना आपल्याकडे ओढायला बाकीचे तुटून पडायचे.

आर्लिसचा या पद्धतीवर जीव होता, त्याला कारणही तसंच होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या कोपऱ्यातून निघून सरळ समोरच्या कोपऱ्यात गेली होती. "जेवायला तरी माझ्याच घरी येणार ना?" तो तिथूनच ओरडला आणि सगळी व्यायामशाळा हसली. घरी गेल्यावर मात्र तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "का गेलीस गं?" तिने सांगितलं. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं होतं, की तोंडावर सांगता येत नाही ते मतच नव्हे.

तिच्या सातव्या कॉकसला ब्याण्णव माणसं आली. धान्याच्या कोठारात हिशेब बघणारी डोरीन दारातून आत आली ती खिडकीकडच्या कोपऱ्याच्या रोखाने. तेवढ्यात तिचा मालक क्लिफर्ड हाउगेनने प्रेमाने हाक मारली, "डोरीन, इकडे ये गं! तुझी जागा धरून ठेवलीय." त्यात धाकदपटशा काही नव्हता. डोरीन थबकली, हसली आणि जाऊन त्याच्याजवळ उभी राहिली.

आर्लिसने खिडकीकडची डोकी मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच. चौदा हवी होती. कोपरा मोडल्याचं तिनेच जाहीर केलं, तेव्हा डोरीन खाली बघत होती.

दोन दिवसांनी दोघी वाण्याच्या दुकानात भेटल्या.

"तू खिडकीकडे निघाली होतीस," आर्लिस म्हणाली.

"निघाले होते."

"मग? क्लिफर्ड काही बोलला असता?"

"काही नसता बोलला गं. पण त्याने बघितलं असतं ना! तू नवऱ्याला सोडून गेलीस तर गाव हसलं. मला रोज सकाळी आठला त्याच्यासमोर बसायचंय." डोरीनने बटाट्यांची पिशवी दुकानातल्या ढकलगाडीत ठेवली. "माझी बहीण विस्कॉन्सिनला असते. तिकडे प्रायमरी. दिवसभरात कधीही जायचं, पडद्याआड खूण करायची, घरी यायचं. कुणाला तोंड दाखवायला नको."



पुढच्या वर्षी पक्षाच्या जिल्हा बैठकीत ठराव आला: कॉकस बंद करून टपालाने मतपत्रिका घ्याव्यात. आर्लिस कॉकसच्या बाजूने बोलणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिने दोन पानी भाषणही लिहिलं होतं. आधी क्लिफर्ड बोलला आणि छान बोलला. शेजारधर्माबद्दल, समोरासमोर वाद घालण्याच्या हिमतीबद्दल. तिला त्यातला शब्द न् शब्द पटत होता. मग ती उठली. कागदाची घडी तिने पर्समध्येच राहू दिली.

"सात कॉकसमध्ये मी डोकी मोजली," ती म्हणाली. "कोण कुठे उभं आहे, ते मोजलं. कुणाला कुठे उभं राहायचं होतं, ते मला कधी मोजता आलं नाही. एकदा एका डोक्यावरून एक कोपरा मोडला. ते डोकं खोलीतच होतं. एवढंच सांगायचंय."

मतदान हात वर करूनच होतं. तिने ठरावाच्या बाजूने हात वर केला.

"आर्लिस, चुकून तर नाही ना गेला वर?" क्लिफर्डने विचारलं.

"नाही रे. तुला दिसावा म्हणूनच केलाय."

ठराव चार हातांनी पडला. पण पुढच्या निवडणुकीला राज्यातल्या पक्षानेच मतपत्रिका आणल्या. व्हर्लिनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपली भरली, ती कोपर आडवं धरून. तिने विचारलं नाही, पण दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं होत राहिलं.

पक्षाच्या किरकोळ कामांसाठी सभा त्या वर्षीही झाली. आर्लिसने नेहमीसारखी राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल केले, चाळीस जणांना पुरतील इतके. आली अकरा माणसं. क्लिफर्ड आला नाही. डोरीन आली, गावच्या रस्त्यांवर दहा मिनिटं तावातावाने बोलली. तिला इतकं बोलताना आर्लिसने कधी ऐकलंच नव्हतं.

सगळे गेल्यावर दोघींनी खुर्च्या मिटल्या. डोरीनने कुणाला मत दिलं ते सांगितलं नाही, आर्लिसनेही विचारलं नाही. उरलेले रोल दोघींनी वाटून घेतले.