थोरली कोण, धाकटी कोण

आमच्या ओळखीतले लोक निवृत्त झाले की इजिप्तला जातात, रोमला जातात, पडक्या खांबांसमोर उभे राहून फोटो काढतात. मी जन्मभर शाळेत जगाचा इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर गेलो कुठे, तर चाकणला. तेही शेजारच्या बबनच्या मोटरसायकलवर मागे बसून.

बबन पिंपळे गुरवला आमच्याच मजल्यावर राहतो, भोसरीत एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याचं गाव चाकणच्या पलीकडे. तिथे रस्त्याच्या कडेला एक जुना कोरीव दगड आहे, रस्ता रुंद होतोय, उद्या सकाळी जेसीबी येणार आणि दगड राडारोड्यात जाणार, असं त्यानं सांगितलं. "तुम्ही फक्त येऊन बघा सर. तुमच्या शब्दावर हाय सगळं." इतिहासाच्या मास्तराला असं कुणी म्हटलं की तो कुठेही जातो.

नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत आम्ही एकाच कंटेनरच्या मागे होतो. पुढे जायला वाट नव्हती आणि बबनला थांबायला धीर नव्हता. मोशी येईपर्यंत माझा पांढरा शर्ट राखाडी झाला आणि कंबर माझी राहिली नाही.

चाकणला नाश्त्याला थांबलो. हॉटेलवर भलामोठा बोर्ड होता, 'ऐतिहासिक मिसळ'. मी मालकाला विचारलं, "ऐतिहासिक म्हणजे किती जुनी?"

"दोन वर्षं झाली की दिवाळीला," तो म्हणाला.

"मग ऐतिहासिक कशी?"

"नाव हाय ते साहेब. पाव वाढवू का?"

तर्री इतकी जहाल होती की पुढचे प्रश्न घशातच राहिले. तिथूनच मागे फिरायला हवं होतं.

गावात पोचलो तर दगडाभोवती माणसं जमलेली. दगड मात्र खरंच सुरेख होता. वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) होता तो. खालच्या कप्प्यात गाई आणि तलवारी, म्हणजे हा बाबा गावाची गुरं सोडवताना पडला. मधल्या कप्प्यात दोन स्त्रिया त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. शेंदराच्या थराखालूनही बोटं दिसत होती. मला भरून आलं. कुणीतरी कधीतरी इतक्या मायेनं हे कोरलं आणि उद्या ते खडीत जाणार होतं.

"हलवत का नाही तुम्ही हा?" मी विचारलं.

"हलवायचा कुठं, त्योच तर वांदा हाय," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे गावातल्या थोरल्या भावकीतले (एकाच कुळातल्या घरांमधले) वडीलधारे. "ह्या वीराच्या दोन बायका. आमी थोरलीचे, ह्ये धाकटीचे. दगड थोरलीच्या आळीत जायाला पायजे."

"व्हय, आन् थोरली कोन ते कुणी ठरावलं?" समोरून शेवंताकाकी कडाडल्या. त्या धाकट्या भावकीच्या. "उजवीकडची उंच हाय. ती आमची. आमीच थोरले."

मग कळलं की कैक वर्षं यात्रेतला पहिला नारळ कुणाचा, यावरून हेच चाललंय. आणि मला आणलं होतं ते एवढ्याचसाठी. बबन माझ्या कानाशी लागला, "सर, उजवीकडची थोरली, एवढंच म्हणा." हा गडी धाकट्या भावकीतला, हे त्यानं मला इथे येईपर्यंत सांगितलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. दगड मरणाच्या दारात, आणि यांचं काय चाललंय! मी वर्गात बोलायचो त्या आवाजात सांगितलं, "या कुणाच्याही बायका नाहीत. असे दगड महाराष्ट्रभर आहेत. लढाईत मेलेल्या वीराला अप्सरा स्वर्गात नेतात, त्याचं हे चित्र आहे."

सगळे दगडाकडे निरखून बघायला लागले. मला वाटलं, पटलं.

"अप्सरा म्हंजी," शेवंताकाकींनी सावकाश विचारलं, "त्या इंद्राच्या दरबारातल्या? नाचनाऱ्या?"

आता इथे गप्प बसायचं ना! पण मास्तर तो मास्तरच. "हो, त्याच," मी म्हणालो.

"आमच्या आज्यांना नाचनाऱ्या म्हनतो ह्यो!" काकींचा आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल.

"काकी बराबर बोलत्यात," तात्या म्हणाले. "आमची आज्जी आन् तुमची आज्जी, दोगी घरंदाज. ह्याला काय कळतंय? उचला रं दोगींना. मारुतीच्या देवळात न्या, त्ये समद्यांचं हाय. तिथं कोन बोलतो बगू!"

मग जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. दोन्ही भावक्यांची माणसं पहारी, दोर, फळ्या घेऊन धावली. ट्रॅक्टरची ट्रॉली आली. "अरे जपून, वरचा भाग सांभाळा," मी ओरडत होतो, पण माझ्याकडे बघायलाही कुणी तयार नव्हतं. दगड सुखरूप चढला. मला हायसं वाटलं आणि प्रचंड रागही आला. जेवायचं तर कुणी विचारलंच नाही.

 परतताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला बबन मान वळवून एवढंच म्हणाला, "एक दिवस खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं सर?"

महिन्याभरानं त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. देवळाच्या अंगणात दगड उभा, ऑइलपेंटनं चकाकणारा. एका अप्सरेला हिरवं लुगडं रंगवलेलं, दुसरीला पिवळं. दोघींच्या कपाळाला कुंकू. यात्रेला दोन नारळ एकदम फोडायचं ठरलं होतं. शेजारी संगमरवरी पाटी: 'श्री वीर, थोरली आई व धाकटी आई. इतिहास तपासणी: सोनटक्के सर, पुणे.'

सोनटक्के सर म्हणजे मी. मी राहतो पिंपळे गुरवला, पुण्याच्या हद्दीबाहेर, तेही चुकवलंय.

"काढायला लावू का नाव?" बबननं विचारलं. "पण मग पाटी कुणी बदलायची, यावरून परत लागंल त्यांचं."

"राहू दे," मी म्हणालो.

सगळी नोकरी मी पोरांना एकच सांगत आलो, ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, लेखी पुरावा मागा. आता पुरावा लेखी आहे, दगडात कोरलेला आहे आणि त्याच्याखाली माझं नाव आहे.